दारापासून तुळशीपर्यंतची पावलं

आत्याबाई, तुमच्या मुलाच्या डोक्यात पाणी साठतंय की नाही, ते उद्या पुण्याला कळणार आहे. दुपारची जेवणं आटोपली, हे खाटेवर पडलेत, सून मंचरला बँकेत कामावर गेलीय, मुलगा चाकणच्या कंपनीत पाळीवर आहे, आणि माझा हात काही केल्या एका कामात टिकत नाही. तांदूळ निवडायला घेतले, ते तसेच परातीत आहेत. वाती वळायला बसले, चार वळल्या आणि उठले. थोड्या थोड्या वेळानं खाटेपाशी जाऊन यांचा श्वास बघते, हाक मारते, 'काय?' म्हणाले की परत येते. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा म्हणाले, "अगं, झोपू दे की. मेलो तर सांगीन तुला." मी देवाकडे बघून हात जोडले आणि स्वयंपाकघरात येऊन तुमच्या जागेवर, चुलीच्या भिंतीला टेकून बसले. चूल आता नाही, तिथं गॅसची टाकी असते, पण भिंत तीच आहे, वरच्या अंगाला अजून थोडी काळी. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या तिथीला पान वाढलं, तुम्हाला आवडायची म्हणून कारल्याची भाजी केली, पण तुमच्याशी बोलले असं कधी झालं नाही. आज कागदावर का होईना बोलायचंय, आणि कुठून धरावं ते कळत नाही, म्हणून वहीपासून धरते.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत पाडव्याला तुम्ही मंचरच्या बाजारातून लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही आणलीत. मॅट्रिक झालेली सून म्हणून तुम्ही महाळुंग्यात घरोघरी सांगून आला होतात. वहीला हळदकुंकू वाहिलंत, पहिल्या पानावर माझ्याकडून श्री काढून घेतलंत आणि म्हणालात, "आजपासनं घर तुझ्या हाती. म्या ऐकीन, तू वाचायचं." माहेरून मला सोनं मिळालं होतं, साड्या मिळाल्या होत्या, पण माझ्या अक्षरासाठी म्हणून कुणी काही दिलं ते तुम्हीच. रोज संध्याकाळी दिवा लावला की तुम्ही पाटावर बसायचात आणि म्हणायचात, "हं, वाच. काय काय लिवलं?" मग मी दूध किती निघालं, दळण कधी टाकलं, कोण पाहुणं आलं, ते सगळं वाचायची, आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवायचात, जशी पोथी ऐकताय.

त्याच वर्षी गाभण म्हैस गेली. मी जसं झालं तसं लिहिलं, 'म्हैस मेली', आणि संध्याकाळी वाचलंही. तुम्ही भाकरी थापत होतात. पिठाचा हात तसाच पुढं करून तुम्ही पान धरलंत. "फुली मार त्याच्यावर. वहीत लक्ष्मी बसती, तिच्या म्होरं मेली म्हनायचं? इपरीत लिवलं की ते घर धरून बसतं. साळंत ह्येच शिकीवलं व्हय तुला?" माझे डोळे भरले, तेव्हा तुम्हीच हसलात, म्हणालात, "रडती कशाला? म्हैस माझी गेली न् रडती तू!" ते पान अजून आहे. बाजरीच्या पिठाच्या बोटांचा डाग आहे त्यावर. त्या दिवसापासून मी वहीत वाईट काही लिहिलं नाही. आजारपण नाही, मयत नाही, भांडण नाही. असं काही घडलं की त्या दिवसाची ओळ मोकळी सोडायची, एवढंच. लोक म्हणतात मी टापटिपीची आहे, हिशोबाची पक्की आहे. असेन. पण माझ्या वह्यांत अशा किती मोकळ्या ओळी आहेत ते मलाच माहीत.

थांबा, खोकला ऐकू आला. बघून येते.

झोपलेत. कूस बदलली आहे.

वैशाखात कांदा चाळीत भरायचं चाललं होतं. हे चाळीच्या तोंडाशी उभे राहून गड्यांना ओरडत होते, आणि ओरडता ओरडता मधेच थांबले. दोन्ही हातांनी मान धरली, म्हणाले, "डोक्यात काय फुटलं गं," आणि खाली बसले ते बसलेच. मंचरच्या डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही, सरळ पुण्याला पाठवलं. तिथं सांगितलं की डोक्यातल्या नसेला फुगा आला होता, तो फुटला, रक्त मेंदूभोवती पसरलं. मांडीतून तार घालून तो फुगा आतून बंद केला. डोक्याला भोक पाडून एक नळी लावली, आतलं तांबूस पाणी थेंब थेंब एका बाटलीत उतरायचं. मी काचेतून त्या थेंबांकडे बघत अथर्वशीर्ष म्हणायची आणि मधेच विसरायची की आवर्तन कितवं. पुढं नळी काढली, हे बोलायला लागले, चेष्टा करायला लागले, आणि घरी सोडायच्या दिवशी तिथली डॉक्टरीण, आपल्या सुनेपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

ती म्हणाली, "काकू, डोक्यात रोज पाणी तयार होतं आणि रोज जिरतं. रक्त सांडलं की जिरायच्या जागा बुजतात. काहींच्या मोकळ्या होतात, काहींच्या होत नाहीत. मग घरी गेल्यावर पाणी हळूहळू साठत जातं." मी विचारलं, कुणाच्या साठणार ते आधी कळतं का? ती म्हणाली, अंदाज बांधता येतो. पहिल्या फोटोत रक्त किती होतं, ते मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत उतरलं होतं का, आणलं तेव्हा शुद्ध किती होती, वय काय, नळी बंद करून बघितली तेव्हा सोसलं का, या सगळ्याचे मार्क मांडतात. "मग यांना किती?" "मधले." हे खाटेवरून म्हणाले, "मधले म्हंजी पास का, डॉक्टर?" ती हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, मला आकडा सांगा, शंभरात किती जणांचं असं होतं? ती म्हणाली, "शंभराचा आकडा शंभर माणसांचा असतो, काकू. काका एकटे आहेत. आमचा अंदाज इथं संपला, पुढचा तुमच्या डोळ्यांवर आहे." आणि तिनं तीन गोष्टी सांगितल्या: चाल, लघवी, विसर. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का, लघवी कळायच्या आत होते का, सांगितलेलं पुसलं जातं का. "रोज एकाच वाटेवर पावलं मोजा आणि लिहा. वही ठेवता ना तुम्ही? मग मला काळजी नाही." असं म्हणाली ती, आत्याबाई. मला काळजी नाही. शेवटी कागद भरताना तिनं विचारलं, "घरात आधी कुणाला असं डोक्याचं झालं होतं?" मी म्हटलं, "नाही." सवयीनं. घरातलं वाईट परक्याला सांगायचं नाही, हेही तुमचंच.

आणि जिना उतरताना माझे पाय थांबले.

अठ्ठावीस वर्षांमागं चूल पेटलेली होती, तव्यावर भाकरी फुगत होती, आणि तुम्ही दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणालात, "कुनी पाटा हानला गं डोक्यात." भडाभडा उलटी झाली, भाकरी करपली, आणि तुम्हाला गाडीत घालून पुण्याला नेलं. तेव्हा तारा-बिरा आपल्यापर्यंत कुठल्या पोचायला. काही आठवडे तुम्ही तिथल्या मोठ्या खोलीत पडून राहिलात आणि आपोआप सावरलात. घरी आलात तेव्हा मी तुमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, विघ्नहराला पाच नारळ दिले. पंधरा दिवसांनी परत दाखवायला बोलावलं होतं, पण तुम्ही म्हणालात, "मला काय झालंय? चांगली हाय की," आणि भाताची लावणी आली, आपण गेलो नाही. मग हळूहळू तुमचे पाय घासायला लागले. दारातून तुळशीला पाणी घालायला निघायचात आणि उंबऱ्याशीच उभ्या राहायचात, बोळातली गाय जशी अडते तशा. मी आतून ओरडायची, "उचला की पाय, आत्याबाई, ऊन व्हायला लागलं!" नैवेद्य दाखवला का म्हणून दोनदा, तीनदा विचारायचात. आणि लुगडं भिजायला लागलं. आधी रात्रीचं, मग दिवसाचंही. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, म्हातारपण, हट्ट, सुनेला राबवायची रीत. मुलगा तेव्हा पहिलीत होता, त्याचा डबा, धारा, रानातली न्याहारी, आणि त्यात दिवसातून तीनदा तुमचं लुगडं. एके दिवशी सकाळी नुकतं नेसवलेलं लुगडं पुन्हा ओलं झालं आणि मी तुमच्यासमोर उभी राहून म्हणाले, "मुद्दाम करता का हो?" तुम्ही ओला पदर मुठीत धरलात आणि माझ्याकडे बघत राहिलात. पुढं तुमची झोपच वाढत गेली, आणि एक दिवस हाक मारली तर उठला नाहीत.

चाल, लघवी, विसर. जिन्यात उभी राहून मी ती तीन बोटं मोडली आणि तिन्हीला तुम्हीच होतात. मी परत वर गेले. डॉक्टरणीला म्हटलं, "झालं होतं. यांच्या आईला." तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या मुलाचाही एकदा डोक्याचा फोटो काढून घ्या असं कागदावर लिहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तेव्हा घरच्यांना कसं कळणार होतं. मी तिला ते वाक्य सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं कळल्यावर मग मी डोळ्यांत तेल घालून बसले असेन. बसले होते. घरी आल्या आल्या नवी वही आणली, पहिल्या पानावर श्री काढलं, हळदकुंकू वाहिलं आणि वही देव्हाऱ्यात ठेवली, विघ्नहराच्या तसबिरीपुढं, म्हणजे त्याची नजर राहील. वाट ठरवली ती दारापासून तुळशीपर्यंतची. पहिल्या दिवशी हे नऊ पावलांत गेले. मी लिहिलं, 'पावले नऊ. बाकी ठीक.' पहिले बरेच दिवस नऊच होती. मग एक दिवस दहा झाली. मी म्हटलं, चप्पल नवी आहे. लिहिलं नऊ. मग अकरा झाली. वही देव्हाऱ्यातून काढली, पेन टेकवलं, आणि हात पुढं जाईना. देवासमोरच्या वहीत अकरा कसं लिहायचं? लिहिलं की ते घर धरून बसेल. नऊ लिहिलं. मापात, वजनात, कुणाच्या पै-पैशात आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही मी, आत्याबाई, आणि ही खोटी नऊ रोज लिहीत होते. मोजत मात्र खरी होते. चौदा झाली तेव्हा पावलं लांबीलाही कमी झाली होती, हे मी बघत होते. न्हाणीतून आल्यावर पायजमा ओला असायचा, हे म्हणायचे, "पाणी सांडलं गं तांब्यातलं." मी म्हणायची, बरं. आणि पायजमा धुवायला टाकायची. तुमच्या वेळेइतकं स्पष्ट सगळं पुढ्यात असताना मी रोज देवाला सांगत होते की काही नाही.

मागच्या संकष्टीला ओझरला विघ्नहराकडे गेलो. यांना स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून तुझ्यापुढं उभं करीन असा नवस होता, तो फेडायचा होता. सुनेनं सुट्टी टाकली आणि गाडी चालवली. देवळाच्या आवारातून हे माझ्या हाताला धरून आले, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबले. पुढं पाऊल पडेना. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, सरका की, रांग खोळंबली." हे म्हणाले, "सरकतो राव, पायांनाच इचारतोय." लोक हसले. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, विघ्नहरानंच यांना धरून ठेवलंय, दर्शन पोटभर व्हावं म्हणून. माझे डोळे भरून आले. सून मात्र देवाकडे बघतच नव्हती, ती खाली बघत होती. म्हणाली, "आई, आप्पांचे पाय बघितले का?" मी म्हटलं, "पाय कसले बघतेस, हात जोड आधी." येताना नारायणगावच्या पुढं गाडीत यांचं सीट भिजलं. त्यावर मी काय बोलले ते शेवटी सांगते, आत्ता नको. घरी येऊन चंद्र बघून उपास सोडला आणि वहीत लिहिलं, 'दर्शन उत्तम. पावले नऊ.' त्या दिवशी तुळशीपर्यंत एकोणीस झाली होती.

काल संध्याकाळी सून देव्हाऱ्यापाशी आली, म्हणाली, डॉक्टरांना दाखवायला वहीचे फोटो काढून ठेवते. पाटावर बसली, तुमच्याच पाटावर, आणि मोठ्यानं वाचायला लागली. "पावले नऊ. पावले नऊ. पावले नऊ." मी दिव्यात तेल घालत होते. ती थांबली. "आई, एकदाही दहा नाहीत? मी संकष्टीच्या आधल्या रविवारी मोजली तर सोळा झाली होती."

"तू कशाला मोजलीस?"

"तुम्ही ओठ हलवत होता. म्हणून मीपण मोजली."

मी म्हटलं, "वहीत विपरीत लिहीत नाहीत. तुझ्या आजेसासूबाईंनी शिकवलंय मला." तिला राग आला असता तर बरं वाटलं असतं. ती जरा वेळ पानं उलटत बसली आणि म्हणाली, "आई, डॉक्टर या वहीची पूजा करणार नाहीत. त्या वाचणार आहेत." मग स्वतःच्या पर्समधलं लाल पेन काढून तिनं माझ्या हातात दिलं. मी नऊवर फुली मारायला गेले तर म्हणाली, "फुली नको. शेजारी लिहा, म्हणजे कधीपासून ते कळेल." मला सगळे आकडे पाठ होते. प्रत्येक दिवसाचे. दहा, दहा, अकरा, अकरा, चौदा. ओल्या पायजम्यांचे दिवस, नैवेद्य झाला का म्हणून पुन्हा विचारल्याचे दिवस, सगळं शेजारी लिहिलं. तिनं फोटो पाठवले. थोड्या वेळात डॉक्टरणीचा फोन आला, आकडे चढत चाललेत, परवा सकाळीच आणा, आणि मधेच झोप आवरेनाशी झाली किंवा उलटी झाली तर थांबू नका, तसेच निघा. परवा म्हणजे उद्या. पाणी साठलं असेल तर कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत बारीक नळी घालतात म्हणे, आणि पुष्कळांची चाल परत येते. मी विचारलं, "उशीर झाला का?" ती म्हणाली, "ते फोटो बघून सांगते." म्हणून आज मी दर घटकेला यांना हाक मारतेय. सकाळी बावीस पावलं झाली. बावीस लिहिलं. लिहून झाल्यावर त्या आकड्यावर चिमूटभर कुंकू टाकलं, राहवलं नाही.

मघाशी ट्रंक उघडून तुम्ही गेलात त्या वर्षाची वही काढली. तुमचं आजारपण त्यात शोधलं. कुठं नाही. मोकळ्या ओळी आहेत. पण तुमच्या शेवटच्या दोन महिन्यांत धुण्याच्या साबणाच्या वड्या एरवीपेक्षा तिपटीनं आणलेल्या आहेत, त्या माझ्याच अक्षरात. साबण आणणं विपरीत नाही ना, म्हणून तेवढं लिहिलं गेलं. कुणी वाचलं असतं तर त्याला कळलं असतं. वाचणारी मीच होते.

आता ते. नारायणगावच्या पुढं सून गाडी बाजूला घेऊन पाणी आणायला उतरली होती. मी मागच्या सीटवर फडक्यानं पुसत होते, उपासानं डोकं धरलं होतं, आणि सगळं माहीत असताना, तीन बोटं मोडलेली असताना, माझ्या तोंडातून गेलं, "मुद्दाम करता का हो?" यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी तुमच्यासारखं. आणि मग हळूच म्हणाले, "न्हाई गं. कळतच न्हाई मला." अठ्ठावीस वर्षं मी ज्या उत्तरासाठी थांबले होते ते तुमच्या मुलानं दिलं, आणि तरी घरी येऊन मी नऊच लिहिलं.

हे उठले वाटतं, खाट वाजली. ही पानं फाडून त्या जुन्या वहीत साबणाच्या पानापाशी ठेवते. पाठवणार कुठं, आणि पाठवली तरी तुम्हाला वाचून दाखवायला मीच लागणार. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आत्याबाई, म्हणून रोज संध्याकाळी वाचताना मला नको ते मी गाळत होते, आणि तुम्ही मान हलवत होतात. आजही तुम्ही समोर पाटावर बसून 'हं, वाच' म्हणाला असतात, तर हे सगळं वाचलं असतं मी. गाडीतलं तेवढं सोडून.